उपडी काहील

ऑटोमन साम्राज्य मी फुकट शिकले. फी भरली नाही, नाव नोंदवलं नाही, परीक्षा दिली नाही. पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात, २००३ च्या ऑगस्टपासून थँक्सगिव्हिंगच्या तोंडापर्यंत, युनिव्हर्सिटीच्या एका मोठ्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसून शिकले. सहा शतकं टिकलेलं राज्य मी एका सेमिस्टरमध्ये चढताना आणि उतरताना ऐकलं. शेवट तेवढा हॉलमध्ये ऐकायचा राहिला. तो मला हॉस्पिटलच्या खाटेवर ऐकावा लागला, आणि तसं का झालं तेच सांगायला बसले आहे.

माझा नवरा तिथे पीएचडी करत होता. मी सांगलीची, मराठी शाळेतली, इतिहास घेऊन बी.ए. झालेली. तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायचे. आता लिहिताना 'तो' म्हणते आणि प्रत्येक वेळी बरं वाटतं. माझा व्हिसा त्याच्या व्हिसाला टांगलेला, म्हणजे नोकरी करायची नाही. पासपोर्ट त्याच्या लॅबमधल्या ड्रॉवरमध्ये, कुलपात. "घरी ठेवलास तर हरवशील," म्हणाला होता. मी काही हरवणारी बाई नाही. आमच्या घरात आजवर हरवलं असेल तर ते माझं तोंड, लग्नानंतर.

तो मारायचा. सरळच सांगते, नाहीतर पुढचं काही समजणार नाही. वरणात मीठ कमी पडलं म्हणून, फोनवर आईशी जास्त बोलले म्हणून, प्रोफेसर त्याला टाकून बोलले म्हणून. शिकलेला माणूस, त्यामुळे मारणंही शिकलेलं. हाताला टॉवेल गुंडाळायचा. चेहऱ्याला कधी हात लावला नाही. पाठ, बरगड्या, मांड्या, आणि डोक्यावर मारायचं तर केसांच्या आत. आणि वर म्हणायचा, "माझं मीठ खातेस, जरा जाण ठेव." तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी अंगावर घेतला आहे. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तोच हार्मोनियम घेऊन गायला बसला की बायका माझ्या दंडाला चिमटा काढायच्या, "नशीब काढलंस गं." ज्या दंडाला चिमटा काढायच्या तो आधीच सुजलेला असायचा. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

सकाळी तो मला लायब्ररीत सोडायचा आणि संध्याकाळी तिथूनच घेऊन जायचा. घरी ठेवलं तर मी शेजारणींशी बोलेन अशी त्याला धास्ती. लायब्ररीतला एसी माझी हाडं गोठवायचा, म्हणून मी शेजारच्या बिल्डिंगमध्ये चकरा मारायचे. एकदा एका हॉलचं दार उघडं होतं. आत एक ठेंगणी, साठीची बाई माइकवर सांगत होती, की कोसोव्होच्या मैदानावर लढाई जिंकली आणि जिंकलेल्या सुलतानाला शत्रूच्या माणसानं सुरा खुपसून मारलं. बापाचं प्रेत अजून गरम होतं. थोरल्या मुलानं धाकट्या भावाला निरोप धाडला, वडील बोलावताहेत. धाकटा रणांगणावरून घामाघूम होऊन तंबूत आला, आणि तिथे त्याचा गळा आवळला गेला. बाहेर सैन्य विजयाचा जल्लोष करत होतं.

मी आत जाऊन बसले. मला कुणी विचारलं नाही. पोरं टोप्या घालून पेंगत होती.

त्या प्रोफेसर मूळच्या इस्तंबूलच्या. आवाज सिगरेटनं खरवडलेला. मी त्यांना मनातल्या मनात 'बाई' म्हणायचे, शाळेत म्हणायचो तसं. त्यांचं इंग्रजी मला समजायचं, कारण ते त्यांनाही दुसरीकडून आणावं लागलं होतं, तुकड्यातुकड्यानं. आठवड्यातून दोनदा मी जाऊ लागले. मूठभर तंबूंचं एक टोळकं घोडी दामटत कुठल्या कुठे गेलं ते ऐकलं. कॉन्स्टँटिनोपलच्या खाडीला साखळी लावून वाट अडवली होती, तर एका तरण्या सुलतानानं चरबी चोपडलेल्या ओंडक्यांवरून जहाजं टेकडीवर चढवली आणि पलीकडे पाण्यात सोडली. मग तीन दिवस लूट. बाईंनी लूट सांगितली तेव्हा पेंगणारी पोरंही जागी झाली. चर्चच्या फरशीवर रक्ताचा राडा, दोरखंडानं एकमेकींना बांधून नेलेल्या बायका. बाई कुणाची बाजू घेत नव्हत्या. स्वतःच्या पूर्वजांचंही झाकत नव्हत्या. मला ते आवडलं. आमच्याकडे इतिहास म्हणजे आपले ते सगळे देव.

मग एका गुरुवारी त्यांनी तो कायदा सांगितला. शहर जिंकणाऱ्या त्याच सुलतानानं लिहून ठेवलं, की माझ्या ज्या मुलाला गादी मिळेल त्यानं राज्याच्या भल्यासाठी आपल्या भावांना मारावं, ते योग्य आहे. पण राजघराण्याचं रक्त जमिनीवर सांडायचं नाही. म्हणून तलवार नाही. धनुष्याची दोरी, नाहीतर रेशमी दोर. आणि आवळणारे नोकर मुके-बहिरे. आवाज बाहेर जात नाही, डाग कुठे राहत नाही.

मी शेवटच्या रांगेत माझ्या बरगडीवर हात ठेवून बसले होते. टॉवेल. अरे वा, म्हटलं, हा आमचा पीएचडीवाला सुलतानच निघाला.

सप्टेंबरच्या शेवटी खालच्या मजल्यावरच्या कोरियन बाईनं पोलिसांना फोन केला. जेवायच्या वेळची गोष्ट. त्यानं मला फ्रीजवर आपटलं होतं आणि फ्रीजवरच्या डब्यांचा खडखडाट खाली गेला होता. दारात एक तरुण पोलीस. नवऱ्यानं हसून, सफाईदार इंग्रजीत सांगितलं, की बायको नवी आहे, होमसिक आहे, स्टुलावरून डबा काढताना पडली. पोलिसानं मला विचारलं, "आर यू ओके, मॅम?" त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. रक्त नव्हतं, वळ नव्हता. नवरा त्याच्या मागे उभा राहून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "ओके." पोलीस गेला, आणि त्या 'ओके'साठीही मार बसला, उशिरा का म्हटलं म्हणून.

तेव्हा मी ती चूक केली, जी आपली माणसंच करतात. पोलिसांचा नाइन वन वन नंबर माहीत होता. कोरियन बाई होती. पण परमुलखात बाईमाणसाला आधार कुणाचा, तर वडीलधाऱ्या माणसाचा, हे डोक्यात इतकं पक्कं की माझा हात आपोआप एका काकांच्या नंबरावर गेला. काका म्हणजे गावातले सगळ्यात जुने मराठी. तिथेच नोकरी करून मोठं घर बांधलेले. सत्यनारायण त्यांच्याकडे, गणपती त्यांच्याकडे, नवं जोडपं आलं की पहिलं जेवण त्यांच्याकडे. काकूंनी माझी ओटीही भरली होती. मला ते माहेरच वाटायचं.

लायब्ररीतल्या पे फोनवरून मी काकांना सगळं सांगितलं. कुठे मारतो, कशानं मारतो, सगळं. बोलताना रडले.

"अगं, भांड्याला भांडं लागणारच," काका म्हणाले. "पीएचडीचं टेन्शन असतं पोरांना. मी बोलतो त्याच्याशी. पण हे आणखी कुणाजवळ काढू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची. इथे आपण चार घरं मराठी, अमेरिकन लोकांत शोभा नको."

"काका, मला भीती वाटते."

"मी आहे ना," काका म्हणाले.

ते खरोखर बोलले. वडीलकीच्या नात्यानं त्याला घरी बोलावलं, चहा दिला, आणि मी फोनवर जे जे सांगितलं ते ते त्याला सांगितलं. समजावलं म्हणे.

त्या संध्याकाळी त्यानं टॉवेल घेतला नाही. दाराला टांगलेली माझी ओढणी घेतली. लग्नातली, रेशमाची, मोरपंखी. मला भिंतीशी बसवलं, ती गळ्याभोवती फिरवली आणि दोन्ही टोकं हातांवर गुंडाळून ओढली. ओरडला नाही. हळू आवाजात म्हणत होता, "काकांना फोन? काकांना?" माझे पाय फरशीवर घासत होते. डोळ्यांपुढे आधी लाल झालं, मग काळं. कानात एक सुंऽऽ आवाज. मग त्यानं सोडलं. मी खोकत, ओकत पडले होते आणि तो स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायला. माझ्यासाठीही ग्लास आणला. म्हणाला, "पुढच्या वेळी सोडणार नाही."

मला त्यातलं अक्षर न् अक्षर खरं वाटलं. तेव्हापासून माझ्यापुढे एकच प्रश्न होता, की मी इथून जिवंत बाहेर पडते की नाही. बाकी संसार, अब्रू, आईला काय वाटेल, हे सगळं त्या ओढणीत आवळून मेलं.

पुढच्या मंगळवारी मी गळ्याला मफलर बांधून वर्गात गेले. नशीब बघा, बाईंनी त्या दिवशी एकोणीस भाऊ काढले. एक सुलतान गादीवर बसला त्या दिवशी त्याला एकोणीस भाऊ होते, कित्येक तर अंगावर पिणारे. सगळ्यांना एकेक करून आणून आवळलं. दुसऱ्या दिवशी बापाच्या शवपेटीमागून एकोणीस लहान-मोठ्या शवपेट्या महालाबाहेर निघाल्या. असं सांगतात की त्यातलं एक पोर चेस्टनट खात होतं. म्हणालं, एवढे खाऊ द्या, मग आवळा. त्याला खाऊ दिले नाहीत.

मला हुंदका आवरेना. मोठ्यानं आला. पोरं वळून बघायला लागली, आणि बाईंनीही पाहिलं. वर्ग सुटल्यावर त्या वर चढून माझ्याजवळ आल्या. मी म्हटलं, सॉरी, मी स्टुडंट नाही. त्या म्हणाल्या, ते मला पहिल्या आठवड्यापासून माहीत आहे, जे विद्यार्थी नसतात तेच लक्ष देऊन ऐकतात.

मग मी मोडक्या इंग्रजीत त्यांना आमची गोष्ट सांगितली. पुण्याच्या वाड्यातला तो कोवळा पेशवा, ज्याच्यामागे गारदी तलवारी घेऊन लागले. तो दालनांमधून धावत आपल्या काकाकडे गेला, त्याच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाला, काका, मला वाचवा. त्याच काकानं गारदी बोलावले होते.

"मग काकानं काय केलं?" बाईंनी विचारलं.

"त्याला कमरेवरून सोडवलं," मी म्हटलं.

बाई माझ्या मफलरकडे बघत होत्या. ऑक्टोबर होता, ऊन होतं. त्यांनी हात लावला नाही, विचारलं नाही. एवढंच म्हणाल्या, "आमच्या महालात बायकांना आधी कळायचं, आता कुणाचा नंबर आहे ते. त्यातल्या काही वाचल्या. गप्प बसलेल्या वाचल्या नाहीत." त्यांनी आपल्या ऑफिसची खोली कुठे आहे ते सांगितलं आणि म्हणाल्या, दार वाजवायचं नाही, सरळ आत यायचं. मी गेले नाही. पुन्हा कुणावर भरवसा टाकायची माझी हिंमत नव्हती.

पुढचे आठवडे साम्राज्य उतरणीला लागलं. भावांना मारणं बंद झालं, तर त्यांना महालातच कोंडायला लागले. पोरं दहा-वीस वर्षं खोलीत बंद. एकाला बाहेरून लोक सांगायला आले, बाबा, तुझा भाऊ मेला, आता तू सुलतान. तो दार उघडेना. त्याला वाटलं दोर घेऊन आलेत. शेवटी भावाचं प्रेत दाराशी आणून दाखवलं तेव्हा बाहेर आला. बाकीचे हसले. मला हसू आलं नाही. मीही नवऱ्याची किल्ली कुलपात फिरली की बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावायचे. आणि व्हिएन्नाच्या भिंतींपुढे सपाटून मार खाल्लेला तो वजीर, त्याला सुलतानानं रेशमी दोर पाठवला. त्यानं नमाज पढला आणि स्वतःच दाढी वर धरली, दोर नीट बसावा म्हणून. मला त्या वजिराचा भयंकर राग आला. अरे, एक लाथ तरी झाडायचीस.

लाथ झाडणारे नोव्हेंबरात भेटले. जानिसारी, म्हणजे सुलतानाचे खासे शिपाई. लहानपणी ख्रिस्ती घरांतून ओढून आणलेली पोरं, सुलतानाच्या अन्नावर वाढलेली. त्यांच्या पलटणीचा मान झेंड्यापेक्षाही जेवणाच्या काहिलीला. काहील म्हणजे आमच्याकडे गुऱ्हाळात रस आटवतात ते भलंथोरलं भांडं, तसलंच. त्यांचा अधिकारी 'सूपवाला' म्हणवून घ्यायचा आणि शिपाई टोपीत चमचा खोचायचे. सुलतान बिघडला असं त्यांना वाटलं, की ते काहील चौकात आणायचे आणि उपडी करायचे. बोलायचं नाही, अर्ज नाही, विनंती नाही. तुझं अन्न आम्हाला नको. एवढ्यावर महालात वजिरांची डोकी उतरायची, कधीकधी सुलतानाचंही.

मी सरसावून बसले. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय ते मला लहानपणापासून शिकवलं होतं. मीठच परत करता येतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी पुढचंही सांगितलं. शेवटी शेवटी त्यांनी फार वेळा काहिली उपड्या केल्या. एका सुलतानानं वाट बघितली. ज्या दिवशी चौकात काहिली उपड्या पडल्या त्या दिवशी त्यानं तोफा आणल्या, बराकींची दारं उडवली आणि आत आग लावली. हजारो माणसं जिवंत जळली. पळाले ते रस्त्यात कापले. बाई म्हणाल्या, "म्हणजे लक्षात ठेवा, काहील उपडी केली की परतीची वाट नसते." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी ते मी माझ्यासाठीच घेतलं.

मंडळाची दिवाळी त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी होती, कारण चर्चचा हॉल तेव्हाच मिळाला. मसालेभात माझ्याकडे. नवऱ्यानंच परस्पर सांगून टाकलं होतं, "हिचा मसालेभात खाऊन बघा." काकूंच्या गॅरेजमधलं मोठं पातेलं आणलं, आणि मी हॉलच्या मागच्या किचनमध्ये दुपारपासून उभी. काकू कोशिंबीर करत होत्या. गोऱ्या, गप्प, कामसू बाई. माझ्या मफलरकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि काकडी कोचत राहिल्या.

माझा काही बेत नव्हता, खरंच. भात उतरवला, तूप सोडलं, खोबरं-कोथिंबीर घातली. तेवढ्यात नवरा आत आला. बाहेर त्याचं गाणं जाहीर झालं होतं. त्यानं डाव घेऊन शीत चाखलं आणि माझ्या कानाशी वाकून हसत म्हणाला, "मीठ कमी आहे. घरी गेल्यावर बघू." आणि गळ्यातल्या मफलरचं टोक हलकेच ओढून गेला.

घरी गेल्यावर. मला समजलं की आज माझा नंबर आहे.

घरी मी एकटी होते, आणि घरी रक्त सांडत नव्हतं. इथे सगळं गाव होतं. मी दोन फडकी घेतली, पातेल्याचे कान धरले आणि ते ओढत हॉलमध्ये नेलं. फरशीवर करकर आवाज झाला, तरी लोकांना वाटलं जेवण आलं. कुणी म्हणालं, वा, वास काय सुटलाय. मधोमध रांगोळी होती. तिथे जाऊन मी ते पातेलं सगळा जोर लावून उपडं केलं. वाफेचा भपकारा माझ्या तोंडावर आला, हात भाजले. भात रांगोळीवर पसरला. मी पातेलं तसंच उपडं ठेवलं आणि बाजूला उभी राहिले.

हार्मोनियम थांबली. नवरा उठून आला, चेहऱ्यावर लोकांसाठीचं हसू. "काय झालं? पडलं का?" आणि मग अगदी जवळ येऊन, ओठ न हलवता, "उचल."

"नाही," मी म्हटलं. मोठ्यानं. "तुझं मीठ मला नको."

लग्नानंतर पहिल्यांदा मी त्याला 'तुझं' म्हटलं. त्या एका शब्दानं त्याचं शिकलेपण गळून पडलं. पहिली थप्पड कानावर आली. मी पडले नाही. मग त्यानं टेबलावरचा लोखंडी डाव उचलला आणि तोंडावर मारला, एकदा, पुन्हा, पुन्हा. मला माझंच हाड मोडल्याचा आवाज आला. दात जिभेवर खडा आल्यासारखा लागला. तो शिव्या देत होता, ज्या मला घरी रोज ऐकायला मिळायच्या आणि त्या हॉलनं कधी ऐकल्या नव्हत्या. त्यानं मफलर धरून ओढला तो सुटून त्याच्या हातात आला, आणि ओढणीनं गळ्यावर कायमचा उमटवलेला काळसर व्रण उघडा झाला. रक्त भातावर पडत होतं, पण गोड्या मसाल्याच्या भातात दिसत नव्हतं. म्हणून मी चेहरा वर केला. बघा म्हटलं. सगळ्यांनी बघा.

तोवर दोन पोरांनी त्याला मागून धरलं होतं. आणि काकूंच्या हातात फोन होता.

"कुणाला लावतेस?" काका धावले. "अगं थांब. मी बघतो. पोराचं करिअर जाईल. थांब म्हणतो ना."

काकू काकांकडे बघत नाइन वन वनवर पत्ता सांगत होत्या. सांगून झाल्यावर म्हणाल्या, "खूप वर्षं थांबले." इतकंच.

पोलीस आले, त्याला बेड्या घातल्या. ह्या वेळी 'ओके' विचारायची गरज कुणाला पडली नाही. ॲम्ब्युलन्स काकांनी हात करून मागे बोलावली, किचनच्या दाराशी. "मागून न्या," ते त्या माणसांना सांगत होते, "लहान मुलं आहेत, पुढून नको." लाज अजूनही झाकायचीच होती त्यांना. मी स्ट्रेचरवर बसले नाही. तोंड सुजत चाललं होतं, शब्द फुटत नव्हता, पण मी बोटानं दाखवलं. पुढचं दार. ॲम्ब्युलन्सवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि दुसऱ्याला म्हणाला, गाडी पुढे घे. मी त्याच्या दंडाला धरून हॉलच्या मधून चालत गेले. पैठण्या बाजूला झाल्या. ज्या बाईनं नशीब काढलंस म्हणून चिमटा काढला होता ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

गाडीत काकू माझ्याबरोबर बसल्या. माझा हात त्यांच्या मांडीवर. म्हणाल्या, "तुझा फोन आला ना गं तेव्हा, मी वरच्या खोलीतल्या फोनवर होते. सगळं ऐकलं. आणि हळूच ठेवून दिला." मला संताप आला. असा आला, की वाटलं हात हिसडून घ्यावा. आणि सोडवेना. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. पुढे माझा पासपोर्ट लॅबमधून पोलिसांकरवी काढून आणला तो त्यांनीच, आणि मी राहिले ती त्यांच्याच घरी. काका महिनोन् महिने माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही.

मंगळवारी मी वर्गात दिसले नाही, म्हणून बाईंनी शोध घेतला. गाव केवढंसं, आणि ती गोष्ट तोवर गावभर झालेली. वर्ग संपवून त्या सरळ हॉस्पिटलमध्ये आल्या, अंगाला सिगरेटचा वास. माझ्या गालाच्या हाडावर पट्टी, ओठात टाके, बोटांना मलम. त्यांनी खुर्ची ओढली. मी तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हटलं, "पातेलं उपडं केलं."

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "तोफा आल्या का?"

"आल्या."

मग मी म्हटलं, माझा शेवट राहिला. साम्राज्याचा शेवट सांगा. त्या म्हणाल्या, आता कशाला, बरी हो आधी. मी हट्ट धरला. तेव्हा त्यांनी सांगितलं, हळू, वर्गात सांगायच्या तसं. प्रांतामागून प्रांत गेले. कत्तली झाल्या, आणि त्याही त्यांनी झाकल्या नाहीत. महायुद्ध हरले, राजधानीत परक्या फौजा येऊन बसल्या, गादी रद्द झाली. आणि नोव्हेंबरातल्या एका सकाळी, पावसात, शेवटचा सुलतान आपल्या लहान मुलाला घेऊन निघाला. ज्यानं तंबू ठोकले, जहाजं डोंगरावरून नेली, एकोणीस पेट्या एका दिवशी बाहेर काढल्या, त्या वंशाचा शेवटचा सुलतान.

"कसा गेला?" मी विचारलं.

"महालाच्या मागच्या दारानं," बाई म्हणाल्या. "कुणी बघू नये म्हणून ॲम्ब्युलन्समध्ये बसून."

मला हसू आलं. आवरलंच नाही. ओठाचा टाका उसवला आणि रक्त हनुवटीवरून पांढऱ्या चादरीवर ठिबकायला लागलं. उशाशी बसलेल्या काकू नर्सला बोलवायला धावल्या. बाई घाबरून उठल्या, मी काही चुकीचं बोलले का म्हणून. मी त्यांचं मनगट धरलं आणि रक्तासकट सांगितलं, "मी पुढच्या दारानं आले."